डॉ. कमल रणदिवे

सौंदत्तीच्या यात्रेच्या वाटेवर बसलेले, बोटे झडलेले रोगी आपल्याकडच्या जुन्या माणसांना अजून आठवतात. कुष्ठजंतू मज्जातंतूंना आधार देणाऱ्या श्वान पेशींत ठाण मांडतो. आधी स्पर्श जातो, मग जखमा होतात. आणि हा जंतू परीक्षानळीत काही केल्या वाढत नाही.

कमलबाई १९१७ साली पुण्यात जन्मल्या. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवीत. मुंबईला डॉ. खानोलकरांच्या हाताखाली त्यांनी १९४९ मध्ये पीएच.डी. केली. पुढे बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी शरीराबाहेर जगवण्याची विद्या त्या शिकल्या आणि परतून मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात तिची प्रयोगशाळा उभारली. अशी पेशी म्हणजे तान्हे मूलच! ३७ अंशांची ऊब हवी, वेळेवर ताजे अन्न हवे. बुरशीचा एक कण शिरला की आठवड्यांचे काम वाया.

१९५८ मध्ये बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी मानवी गर्भाच्या मेरुगंडिकांतील पेशी वाढवल्या. या गंडिकांत मज्जापेशी असतात, तशा त्यांना सांभाळणाऱ्या पेशीही. त्यांच्या मदतीने कुष्ठरोग्याच्या गाठीतला एक जंतू वाढला. पुढे तो खरा कुष्ठजंतू नव्हे, त्याच्या भावकीतला ठरला. मला यात कमीपणा वाटत नाही. त्याच मृत जंतूंच्या लशीने दक्षिण भारतातील चाचणीत सुमारे ६५ टक्के संरक्षण दिले.

कमलबाईंना १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले. २००१ मध्ये त्या वारल्या. खरा कुष्ठजंतू कृत्रिम माध्यमात अजूनही वाढलेला नाही.