बाळंतिणीचं दूध का आटतं? उत्तर घरातल्या बोलण्यात शोधणारे चिनी वैद्य फू शान

यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा. जिल्ह्यात कुठंही जा, बाळंतीण घरी आली की अळिवाची खीर शिजते, डिंकाचे लाडू वळले जातात, मेथी आणि खसखस भाजली जाते. मेडिकलमधून शतावरीची पावडरही येते. एवढं करूनही बाळ जरा जास्त रडलं की घरात निकाल लागतो, हिला दूधच पुरत नाही.

हा निकाल बहुतेक वेळा बाईच्याच विरोधात जातो. तिनं नीट खाल्लं नाही, पथ्य पाळलं नाही, तिच्या अंगातच ताकद नाही. तिला घरात कोण काय बोललं, हे मात्र कुणी विचारत नाही.

सतराव्या शतकात चीनमध्ये एक वैद्य होऊन गेले. त्यांच्या नावावर असलेल्या ग्रंथात हाच प्रश्न आहे. त्या ग्रंथात दूध न येण्याची दोन कारणं दिली आहेत आणि त्यातलं एक कारण आहे सासरची बोलणी.

या वैद्यांचं नाव फू शान. चीनमध्ये त्यांना फू छिंगचू म्हणूनही ओळखतात.

फू शान यांचा जन्म १६०७ चा. गाव उत्तर चीनमधल्या शानशी प्रांतातल्या थाययुआन शहराजवळचं. घराणं शिकलेलं. त्या काळी चीनमध्ये शिकलेल्या पोरानं सरकारी परीक्षा द्यायची आणि अधिकारी व्हायचं, हा ठरलेला रस्ता होता. फू शान त्याच रस्त्यानं निघाले होते.

पण घरात आधीच एक घाव बसला. पंचविशीच्या आसपास असताना त्यांची पत्नी वारली. मुलगा फू मेई तेव्हा जेमतेम चार-पाच वर्षांचा. दुसरं लग्न करणं त्या काळात अगदी सहज होतं, पण फू शान यांनी ते केलं नाही. मुलाला त्यांनी आईशिवाय वाढवलं.

१६३६ मध्ये त्यांचं नाव पहिल्यांदा गाजलं. त्यांचे गुरू युआन चिशियान यांना खोट्या आरोपाखाली अटक झाली होती. फू शान यांनी शंभराहून जास्त विद्यार्थी गोळा केले आणि थेट राजधानी बीजिंग गाठलं. कित्येक महिने अर्ज-विनंत्या चालू ठेवल्या. शेवटी गुरू सुटले.

पुढं १६४४ मध्ये चीनचा इतिहासच पालटला. मिंग घराण्याचं राज्य कोसळलं आणि उत्तरेकडून आलेल्या मांचू लोकांचं छिंग घराणं गादीवर बसलं. नव्या राज्यकर्त्यांनी हुकूम काढला, सगळ्या पुरुषांनी डोक्याचा पुढचा भाग भादरायचा आणि मागं वेणी ठेवायची. यातून ताओ पंथाच्या साधूंना सूट होती.

मग फू शान ताओ साधू झाले. अंगावर लाल झगा घातला. हा रंगही उगाच निवडलेला नव्हता. मिंग राजघराण्याचं आडनाव होतं चू आणि या शब्दाचा अर्थच लाल. लोक त्यांना लाल झग्याचा साधू म्हणू लागले.

१६५४ मध्ये छिंग सत्तेविरुद्धच्या एका कटात त्यांचं नाव आलं. अटक झाली, छळ झाला. तुरुंगात त्यांनी नऊ दिवस अन्न सोडलं, पण काही कबूल केलं नाही. पुढच्या वर्षी सुटका झाली.

आता सरकारी नोकरी करायची नव्हती आणि पोट तर भरायचं होतं. फू शान यांनी औषधं विकायला सुरुवात केली. सोबत मुलगा फू मेई होताच. बापलेक औषधांची गाडी घेऊन फिरायचे आणि मुक्कामाला मुलाचा अभ्यासही व्हायचा. सुंदर अक्षर लिहिणारा कलावंत म्हणूनही फू शान यांचं नाव मोठं होतं. पण गुळगुळीत, नटव्या अक्षरापेक्षा ओबडधोबड अक्षर बरं, असं त्यांचं मत. आजही चिनी सुलेखनाच्या इतिहासात ते त्यासाठी ओळखले जातात.

वैद्य म्हणून मात्र त्यांचं नाव सगळ्यात जास्त जोडलं गेलं ते बायकांच्या आजारांशी.

बाळंतपणानंतर दूध का येत नाही, याचं त्यांच्या नावावरच्या ग्रंथातलं उत्तर समजून घ्यायचं तर आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. पारंपरिक चिनी वैद्यकानुसार दूध रक्तापासून तयार होतं आणि शरीरातली छी नावाची चालना त्याला पुढं ढकलते. म्हणजे रक्त हा कच्चा माल आणि छी ही ताकद. यातलं एक जरी बिघडलं तरी दूध कमी.

पहिला प्रकार अशक्तपणाचा. बाळंतपणात रक्त गेलं, छी कमी पडली. स्तन मऊ आहेत, दुखत नाहीत, पण दूध नाही. अशा बाईला फक्त दूध मोकळं करणारी औषधं देण्यात अर्थ नाही, असं ग्रंथ बजावतो. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर विहीरच आटली असेल तर मोटर बदलून पाणी येत नाही. म्हणून इथं जिनसेंग, हुआंगछी आणि तांगक्वेई ही ताकद वाढवणारी औषधं आणि डुकराचे पाय एकत्र शिजवून द्यायला सांगितलं आहे.

दुसरा प्रकार कोंडमाऱ्याचा. बाई तरुण आहे, धडधाकट आहे. पण बाळंतपणानंतर नवऱ्याची नाराजी कानावर आली, सासू-सासऱ्यांची बोलणी खावी लागली. मग स्तन भरून येतात, ठणकतात, पण दूध बाहेर पडत नाही. चिनी वैद्यकात यकृत हे शरीरातला प्रवाह मोकळा ठेवणारं अवयव मानलं जातं आणि दाबलेल्या रागानं ते तुंबतं, अशी समजूत आहे. इथं विहीर भरलेली आहे, पाइप चोंदलाय. म्हणून उपाय वेगळा, यकृत मोकळं करणारा काढा.

म्हणजे दूध नाही हे लक्षण एकच, पण बायका दोन आणि औषधंही दोन. शिवाय दुसऱ्या बाईच्या आजाराचं मूळ तिच्या शरीराबाहेर, घरातल्या माणसांत आहे, हे ग्रंथ स्पष्ट लिहितो.

आपल्याकडं सुश्रुतसंहितेतही असाच विचार सापडतो. राग, शोक आणि बाळाविषयी माया न वाटणं यामुळं दूध नाहीसं होतं, असं तिथं सांगितलं आहे. उपाय म्हणून बाईचं मन प्रसन्न ठेवा आणि तिला गहू, साठेसाळीचा भात, मांसरस, लसूण, विदारीकंद, शतावरी द्या, असा सल्ला आहे. घराघरातली शतावरी आली ती या परंपरेतून. फक्त तिच्याआधी सांगितलेलं मन प्रसन्न ठेवणं मागं राहिलं.

आजचं विज्ञान याकडं कसं बघतं? रक्ताचं दूध होतं किंवा यकृत तुंबतं, हे आधुनिक वैद्यक मानत नाही. दूध तयार व्हायला प्रोलॅक्टिन हे संप्रेरक लागतं आणि ते बाहेर यायला ऑक्सिटोसिन. मराठीत आपण ज्याला पान्हा फुटणं म्हणतो, ते काम ऑक्सिटोसिनचं. वेदना, भीती आणि ताण यांमुळं हा पान्हा काही वेळ अडू शकतो. स्तन भरलेले असतात, बाळ ओढत असतं आणि दूध येत नाही. बाळंतपणात खूप रक्तस्राव झाला असेल, वारेचा तुकडा आत राहिला असेल किंवा थायरॉइडचा त्रास असेल तरीही दूध कमी पडू शकतं. स्पष्टीकरण बदललं, पण एकाच लक्षणामागं वेगळी कारणं असतात हा मुद्दा टिकला.

फू शान यांची शेवटची परीक्षा सम्राटानंच घेतली. १६७८ मध्ये सम्राट कांगशी यांनी देशभरातल्या विद्वानांना खास परीक्षेसाठी बोलावलं. फू शान सत्तरी ओलांडलेले. आजारी असल्याचं सांगूनही अधिकाऱ्यांनी त्यांना पलंगासकट बीजिंगकडं नेलं. तिथं जाऊनही त्यांनी परीक्षा दिली नाही. सम्राटानं तरीही पद बहाल केलं. आभार मानायला राजवाड्याच्या दारापुढं नेलं, तेव्हा ते रीतसर वाकले नाहीत, जमिनीवर कोसळले. गावी परतल्यावर त्या पदाच्या नावानं हाक मारलेलीही त्यांना चालत नसे.

१६८४ मध्ये मुलगा फू मेई गेला. त्यानंतर लवकरच फू शानही गेले.

स्त्रीरोगांवरचा त्यांचा ग्रंथ छापला गेला १८२७ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर जवळपास १४० वर्षांनी. त्यातला बराच मजकूर छन शिदुओ या दुसऱ्या वैद्यांच्या पुस्तकाशी जुळतो, त्यामुळं यातलं नेमकं किती फू शान यांचं, यावर अभ्यासकांचा वाद आहे. पण चिनी वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी तो आजही महत्त्वाचा ग्रंथ मानला जातो.

म्हणून त्यातले काढे ऑनलाइन मागवायचे का? अजिबात नाही. पहिल्या काढ्यात मुतोंग नावाची वनस्पती आहे. पुढं याच नावाखाली एक वेगळी विषारी वनस्पती बाजारात आली, लोकांच्या किडन्या निकामी झाल्या आणि २००३ मध्ये चीन सरकारला तिच्यावर बंदी आणावी लागली.

दूध खरंच कमी आहे का, हे बाळाच्या रडण्यावरून ठरत नाही. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसातून सहा किंवा जास्त वेळा लघवी करतंय आणि वजन वाढतंय, तर दूध पुरतंय. वारंवार पाजल्यानं दूध वाढतं, वरचं दूध सुरू केलं की घटतं. शंका असेल तर गावातल्या आशाताईंकडून बाळाचं वजन करून घ्यावं, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखवावं.

आणि अळिवाची खीर देताना बाळंतिणीला टोमणेही देऊ नयेत. या औषधाला पैसे लागत नाहीत आणि ते फक्त घरच्यांनाच देता येतं.