मेहरबाई टाटा : ज्यांच्या आजारपणानंतर परळचं टाटा हॉस्पिटल उभं राहिलं

कल्याण-डोंबिवलीकडून येणारी स्लो लोकल परळला थांबली, की रिपोर्टच्या फाइली छातीशी धरलेली काही माणसं उतरतात. त्यांना टाटा हॉस्पिटल गाठायचं असतं. या हॉस्पिटलमागे एका बाईच्या आजारपणाची गोष्ट आहे. त्या बाई म्हणजे लेडी मेहरबाई टाटा.

१८७९ साली भाभा कुटुंबात जन्मलेल्या मेहरबाईंचं लग्न १८९८ मध्ये जमशेटजींचे थोरले चिरंजीव दोराबजी टाटा यांच्याशी झालं. त्या साडी नेसून टेनिस खेळायच्या. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्येही त्या उतरल्या. बालविवाहाच्या विरोधात त्यांनी ठाम भूमिका घेतली. त्याच वर्षी टाटा स्टील अडचणीत आली, तेव्हा पतीच्या संपत्तीसोबत त्यांचे दागिनेही गहाण पडले. त्यात कोहिनूरच्या दुपटीहून मोठा, २४५ कॅरेटचा ज्युबिली हिरा होता.

कंपनी वाचली, पण पुढे मेहरबाईंना ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कॅन्सर झाला.

तेव्हा या आजारावर डॉक्टरांच्या हातात काय होतं? आर्सेनिकचं औषध आणि एक्स-रेचे किरण. त्यांनी काही काळ बरं वाटायचं, पण आजार जायचा नाही. वेदनेसाठी मॉर्फिन होतं. केमोथेरपी यायला अजून दीड दशक होतं. पैसा असूनही विकत घेता येईल असा इलाजच नव्हता. १८ जून १९३१ रोजी वेल्समधल्या एका नर्सिंग होममध्ये मेहरबाई गेल्या.

दोराबजींनी १९३२ मध्ये ल्युकेमियावरच्या संशोधनासाठी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट काढला. ही मदत फक्त भारतापुरती नव्हती, जगभरातल्या संशोधकांना मिळणार होती. पत्नीच्या दागिन्यांसह आपली उरलेली संपत्ती त्यांनी दुसऱ्या ट्रस्टला दिली आणि त्याच वर्षी ३ जूनला त्यांचंही निधन झालं. त्या दुसऱ्या ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल सुरू केलं. १९६२ मध्ये हॉस्पिटल अणुऊर्जा विभागाकडे गेलं. तेव्हा त्या विभागाचे प्रमुख होते होमी भाभा, म्हणजे मेहरबाईंचे सख्खे भाचे.

२०२३ मध्ये आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधनातून आलेल्या देशी कार-टी सेल थेरपीला मंजुरी मिळाली. ती रक्ताच्या काही कॅन्सरवर चालते. ज्या आजारापुढे टाटांची श्रीमंतीही हरली, त्याच्यावरचा एक इलाज आता मेहरबाईंच्याच शहरात तयार झालाय.