नव्या शाळेच्या उंबरठ्यावर : डॉ. आंबेडकरांचें विद्यार्थिजीवन

प्राथमिक शाळा संपवून मोठ्या शाळेंत पाऊल टाकणें ही बाहेरून पाहणाराला फार साधी गोष्ट वाटते. नांव दाखल करावें, पुस्तकें आणावीं, गणवेश शिवावा, कीं झालें! परंतु ज्या बालकास हें पाऊल टाकावयाचें असतें त्याच्या मनांत काय चाललेलें असतें, हें तोच जाणे. कालपर्यंत एकच गुरुजी सर्व विषय शिकवीत. आज तासागणिक नवा चेहरा समोर येतो. काल तो आपल्या शाळेंत सर्वांत थोरला होता. आज तो सर्वांत धाकटा असतो. अशा वेळीं कोणी तरी हात पुढें करावा लागतो, आणि तो हात वेळेवर पुढें होतो कीं नाहीं, यावर त्या मुलाचें पुढील आयुष्य पुष्कळदां अवलंबून राहतें. हा साहाय्याचा हात म्हणजे नेमकें काय, हें समजून घ्यावयाचें असेल तर डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या बाळपणाइतका बोलका दाखला क्वचितच सांपडेल.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजीं, आजच्या मध्यप्रदेशांतील महू येथील लष्करी छावणींत झाला. घराणें मूळचें कोंकणांतील आंबडवे गांवचें. वडील रामजी सकपाळ हे सैन्यांत सुभेदार असून लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. सुभेदार कबीरपंथी, निर्व्यसनी व शिस्तीचे कडक होते. सायंकाळचें भजन त्यांच्या घरीं चुकत नसे. चौदा अपत्यांत भीम हा शेवटचा. सुभेदार सेवानिवृत्त झाल्यावर कुटुंब पुढें साताऱ्यास येऊन राहिलें. तेथेंच भीमाची आई भीमाबाई निवर्तली. त्या वेळीं तो पांच-सहा वर्षांचा होता. मीराबाई नांवाच्या प्रेमळ आत्यानें मग या पोरक्या लेकराला जिवापाड सांभाळलें.

साताऱ्यांतील सरकारी हायस्कुलाच्या दाखल-पुस्तकांत ७ नोव्हेंबर १९०० या दिवशीं १९१४ या क्रमांकापुढें एक नांव लिहिलें गेलें : भिवा रामजी आंबेडकर. इंग्रजी पहिल्या इयत्तेंत आलेला हा नऊ वर्षांचा मुलगा. सन २०१७ पासून महाराष्ट्रांत हाच दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळण्यांत येतो. पण त्या दिवशीं त्या शाळेंत कोणालाहि हा सोहळ्याचा दिवस वाटला नसेल. भिवा अस्पृश्य मानल्या गेलेल्या महार जातीचा होता. वर्गांत इतर मुलांबरोबर त्यानें बसावयाचें नाहीं. एका कोपऱ्यांत, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावयाचें, आणि शाळा सुटतांच तें गोणपाट काखेंत मारून घरीं न्यावयाचें, कारण शाळेचा झाडूवाला गडी त्यास हात लावीत नसे. तहान लागली तर नळाला स्पर्श करण्याची मुभा नाहीं. शिपायानें नळ सोडला तरच त्यानें पाणी प्यावें. शिपाई जागेवर नसला तर पाणीहि नाहीं. न्हावी केसांना हात लावीत नसे, म्हणून घरीं बहीणच भावांचे केस कापी.

वाचकहो, नव्या शाळेंत आपल्या मुलास पहिले आठवडे परकें परकें वाटतें म्हणून आपण काळजी करितों. या बालकाला तर परकेपणा रोज काखेंत घेऊन जावा लागे!

अशा त्या शाळेंत एक गोष्ट मात्र त्याच्या स्मरणांत आयुष्यभर गोड राहिली. आंबेडकर याच आडनांवाचे एक ब्राह्मण शिक्षक तेथें होते. दुपारच्या सुटींत या मुलाला दूर घरीं धांवावें लागूं नये, म्हणून ते आपल्या डब्यांतील भाकरी व भाजी रोज त्याच्या हातावर ठेवीत. त्या गुरुजींनीं शाळेचे नियम बदलले नाहींत, कदाचित् तें त्यांच्या हातीं नव्हतें. पण भाकरी त्यांच्या हातांत होती, ती त्यांनीं दिली. पुढें बॅरिस्टर आणि कायदेपंडित झालेल्या शिष्यानें त्या भाकरीची चव सांगतांना कधीं संकोच मानला नाहीं.

तथापि हा मुलगा आरंभापासूनच अभ्यासांत गढून गेला होता, असें कोणी समजूं नये. खोड्या, बागकाम, शेळ्या राखणें यांतच त्याचें मन रमे. शिक्षकांचें मत त्याच्याविषयीं फारसें चांगलें नव्हतें. अशांत वडिलांनीं दुसरा विवाह केला. आपल्या आईचे दागिने नव्या आईच्या अंगावर पाहून त्याचें मन घरांतून उडालें. साताऱ्याचीं मुलें मुंबईच्या गिरण्यांत कामास लागतात हें त्याच्या कानीं आलें होतें. आपणहि पळून जावें, गिरणींत काम धरावें आणि स्वतःच्या पायांवर उभें राहावें, असा त्यानें बेत केला. गाडीभाड्याला पैसे हवे होते. आत्या कमरेला पैशाची पिशवी खोंचून झोंपे. तीन रात्री त्यानें ती काढण्याची खटपट केली, पण ती साधली नाहीं. चौथ्या रात्रीं पिशवी हातीं आली. ती उघडून पाहतो तों आंत अवघा अर्धा आणा!

अर्ध्या आण्यांत मुंबई गांठतां येत नाहीं. परंतु त्या रात्रीं त्या मुलानें लाजेनें व पश्चात्तापानें मनाशीं जो निश्चय केला, त्यानें तो गिरणीच्या कितीतरी पलीकडे जाऊन पोहोंचला. पळून जाण्याचा विचार सोडून अभ्यास करावयाचा, असा करावयाचा कीं लौकरच आपण स्वावलंबी होऊं, असें त्यानें ठरविलें. थोड्याच दिवसांत ज्या शिक्षकांनीं त्याची आशा सोडली होती, तेच सुभेदारांना, या मुलाला शिकूं द्या, असें सांगूं लागले.

सन १९०४ च्या सुमारास सुभेदार कुटुंबासह मुंबईस आले आणि परळ येथें डबक चाळींत राहिले. भीम प्रथम मराठा हायस्कुलांत व नंतर सरकारी एल्फिन्स्टन हायस्कुलांत दाखल झाला. गांवची शाळा सुटली आणि शहराची आली. पहिलें संक्रमण पुरतें अंगवळणी पडलें नव्हतें तोंच दुसरें पुढें ठाकलें. बिऱ्हाड अवघ्या एका खोलीचें. तींतच स्वयंपाक, तेथेंच सर्वांचें झोंपणें. उशाशीं जातें, पायथ्याशीं बांधलेली शेळी, आणि उजेडाला कांच नसलेला रॉकेलचा दिवा. अभ्यासाला निवांत जागा म्हणावी तर तसूभरहि नव्हती.

जागा नव्हती, म्हणून सुभेदारांनीं वेळ शोधून काढिला. भीमानें लौकर निजावें असा त्यांचा नियम होता. स्वतः ते रात्रीं दोन वाजेपर्यंत जागत. दोन वाजतां मुलाला उठवीत आणि मग स्वतः आडवे होत. सारी चाळ निद्रिस्त असतां हा मुलगा दिव्याशीं बसून उजाडेपर्यंत वाची. त्याखेरीज इंग्रजीचा पाया पक्का व्हावा म्हणून सुभेदार हॉवर्डचीं इंग्रजी वाचनपुस्तकें आणि तर्खडकरांची भाषांतरपाठमाला त्याच्याकडून घरींच करवून घेत. नेमक्या अर्थाला नेमका शब्द शोधण्याची जी संवय पुढें त्यांच्या लेखनांत दिसते, तिचें मूळ या एका खोलींतील शिकवणींत आहे.

भीमाला अवांतर वाचनाची गोडी लागली, तेव्हां सुभेदार कुरकुर करीत. आधीं शाळेचीं पुस्तकें पुरीं कर, असें त्यांचें म्हणणें असे. पण मुलानें पुस्तक मागितलें आणि तें मिळालें नाहीं, असें होत नसे. हातीं पैसा नसला म्हणजे हे वृद्ध गृहस्थ पुस्तकासाठीं विवाहित मुलींच्या दारीं जात. धाकटीकडे पैसे असले तर ठीक. नसले तर थोरली मुकाट्यानें अंगावरचा एखादा दागिना उतरवून देई. तो मारवाड्याकडे गहाण पडे, पुस्तक घरीं येई, आणि पेन्शन हातीं आल्यावर दागिना सोडविला जाई. दोन मुलांच्या शिक्षणाचा खर्च झेपेना, तेव्हां आनंदराव या वडील भावानें शाळा सोडून नोकरी धरली, म्हणजे धाकट्याची शाळा सुटूं नये. इतिहासांत या बहिणींचें आणि या भावाचें नांव मोठ्या अक्षरांत लिहिलेलें नाहीं. पण भीमरावांच्या प्रत्येक पदवीवर त्यांचाहि हक्क आहे.

मुंबईची शाळा मोठी होती, तरी तेथील मनें सारींच मोठीं नव्हतीं. एकदां शिक्षकांनीं उदाहरण सोडविण्यास भीमाला फळ्याशीं बोलाविलें, तोंच वर्गांत एकच गलका उडाला. फळ्यामागें मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले असत, ते विटाळतील म्हणून मुलांनीं धांवत जाऊन आधीं डबे हलविले, आणि मगच त्याला खडू हातीं घेतां आला. संस्कृत शिकावें ही त्याच्या वडिलांची इच्छा. पण शिक्षकांनीं त्याला संस्कृत शिकविण्याचें नाकारिलें, म्हणून निरुपायानें फारसी घ्यावी लागली. पुढें मोठेपणीं त्यांनीं संस्कृतचें ज्ञान स्वतःच्या प्रयत्नानें मिळविलें. आनंदरावांनीं घरून दिलेलें बळ शाळेंत असें खर्ची पडत होतें, हें आम्ही शाळेंतल्या माणसांनीं विसरतां कामा नये.

शाळा सुटल्यावर हा मुलगा चर्नी रोडजवळील बागेंत जाऊन वाचीत बसे. शिक्षक व ग्रंथकार कृष्णाजी अर्जुन केळुसकर हेहि तेथें येत. रोज एकाच जागीं वाचनांत बुडालेला हा मुलगा पाहून त्यांनीं आपण होऊन त्याची विचारपूस केली. ही ओळख आयुष्यभर पुरली. १९०७ सालीं भीमराव मॅट्रिक झाले. ७५० पैकीं २८२ गुण मिळाले. आजच्या दृष्टीनें फार नव्हेत. परंतु त्यांच्या समाजाला तो इतका मोठा सण वाटला कीं सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखालीं सभा भरवून त्यांचा गौरव करण्यांत आला. त्या सभेंत केळुसकरांनीं आपण लिहिलेलें गौतम बुद्धाचें चरित्र त्यांना भेट दिलें. पुढें पैशाअभावीं महाविद्यालयाचें शिक्षण अडूं लागलें, तेव्हां बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे त्यांना नेणारेहि केळुसकरच. महाराजांनीं दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ति दिली.

बी. ए. होऊन १९१३ च्या जानेवारींत भीमराव बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तोंच वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. परत येतांना वडिलांसाठीं मिठाई घ्यावी म्हणून ते सुरतेस उतरले आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशीं ते घरीं पोहोंचले, तेव्हां सुभेदारांचे डोळे त्यांचीच वाट पाहत होते. मुलाच्या पाठीवरून त्यांनीं थकलेला हात फिरविला, आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजीं त्यांचें देहावसान झालें. त्याच वर्षीं गायकवाड सरकारच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. मुलगा जगाच्या शाळेंत शिरला, त्या वेळीं दोन वाजतां उठविणारा बाप मागें राहिला नव्हता.

पुढील चरित्र सर्वांस ठाऊक आहे. लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. व बॅरिस्टरी, अस्पृश्यतेविरुद्ध दिलेला प्रदीर्घ लढा, १९४५ मध्यें स्थापन केलेली पीपल्स एज्युकेशन सोसायटी व १९४६ मधील सिद्धार्थ महाविद्यालय, स्वतंत्र भारताचें पहिलें कायदेमंत्रिपद आणि संविधानाच्या मसुदा समितीचें अध्यक्षपद, १९५६ मध्यें बौद्ध धम्माचा स्वीकार, आणि त्याच वर्षीं ६ डिसेंबरला महानिर्वाण. परंतु १९२३ सालीं रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा पांडित्यपूर्ण इंग्रजी ग्रंथ लंडनला प्रसिद्ध झाला, त्याचें अर्पणपत्र कोणाच्या नांवें आहे? राजाच्या नव्हे, विद्यापीठाच्याहि नव्हे. आपल्या शिक्षणासाठीं केलेल्या त्यागाबद्दल आणि दाखविलेल्या दूरदृष्टीबद्दल कृतज्ञतेनें तो त्यांनीं आपल्या दिवंगत मातापित्यांच्या स्मृतीस वाहिला आहे.

विद्यार्थिमित्रांनो, नव्या शाळेचे पहिले दिवस जड गेले, कोणी हंसलें, एखादा विषय डोक्यांत शिरेना, तर त्या अर्ध्या आण्याची आठवण करा, आणि पळून जाण्याचा बेत तेथेंच सोडा. वर्गांत कोपऱ्यांत एकटें बसलेलें कोणी दिसलें, तर त्याला आपल्या बांकावर जागा द्या. आणि पालकहो, प्रत्येकापाशीं धन असतें असें नाहीं, विद्याहि नसेल. सुभेदारांपाशीं तर स्वतंत्र खोलीसुद्धां नव्हती. मूल मोठ्या शाळेचा उंबरठा ओलांडत असतां आपल्या झोंपेतला थोडा वेळ त्याला द्यावा, एवढें तरी प्रत्येक घरांत शक्य आहे.