अंधांचा अक्षरदाता लुई ब्रेल

इ. स. १८०९ सालीं फ्रान्स देशांतील कूव्रे गांवीं, खोगीर करणाऱ्या एका कारागिराच्या घरीं लुई ब्रेल ह्याचा जन्म झाला. तिसऱ्या वर्षीं, बापाच्या दुकानांत खेळतां खेळतां चामडें टोंचण्याची आरी त्याच्या डोळ्यांत गेली. जखम चिघळून पुढें दोन्ही डोळे गेले. दहाव्या वर्षीं तो पॅरिस येथील अंधशाळेंत दाखल झाला. तेथील ग्रंथांत डोळसांचींच अक्षरें उठावदार छापलेलीं असत. एकेक अक्षर चांचपण्यांत फार वेळ जाई. वाचन मंद, म्हणून बुद्धिही मंद, असें पाहणारास वाटावें. परंतु उणीव बुद्धींत नव्हती, साधनांत होती.

बार्बिए नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें बारा ठिपक्यांची एक स्पर्शलिपि काढिली होती. पण तींतील चिन्ह एका बोटाखालीं मावत नसे. लुईनें ठिपके सहांवर आणिले आणि १८२४ सालीं, वयाच्या पंधराव्या वर्षीं, आपली लिपि सिद्ध केली. ती लिहावयाचें हत्यारही आरीसारखेंच टोंकदार! आतां अंध मुलें बोटांनीं झरझर वाचूं लागलीं व स्वतः लिहूंही लागलीं. १८५२ सालीं लुई क्षयानें वारला. १८५४ सालीं त्याच्या शाळेनें ती लिपि अधिकृतपणें स्वीकारिली. आज मराठीही त्याच सहा ठिपक्यांत वाचितात.

विद्यार्थ्यांनो, मागें पडलेल्या सोबत्यास मठ्ठ म्हणण्यापूर्वीं, त्याच्या हातीं योग्य साधन आहे काय, हें आधीं पाहा.