कै. विठ्ठल सखाराम पागे

दुष्काळ पडला म्हणजे मजुराची चूल सर्वांआधीं विझते, हें आमच्या नांदेड व लातूरकडील वाचकांस सांगावयास नको. अशा वेळीं उपाशी मनुष्यास भीक न घालतां काम द्यावें, आणि तें काम मागण्याचा त्यास कायद्यानें अधिकार असावा, हा विचार ज्यांनीं महाराष्ट्रांत रुजविला, त्या कै. विठ्ठल सखाराम पागे यांचें अल्प चरित्र आम्ही येथें देत आहों.

पागे यांचा जन्म 1910 सालीं तेव्हांच्या सातारा जिल्ह्यांतील बागणी या गांवीं झाला. त्यांनीं कायद्याचें शिक्षण घेतलें व स्वातंत्र्याच्या चळवळींत भाग घेतला. पुढें 1960 पासून 1978 पर्यंत ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापति होते. संतवाङ्मयाचा त्यांस व्यासंग होता. पद थोर मिळालें, तरी खेड्यांतील भूमिहीनांचें दैन्य ते विसरले नाहींत. सुगी संपली कीं या लोकांच्या हातांस काम नसे. एकीकडे रिकामे हात, दुसरीकडे बांध, तलाव व रस्ते यांवांचून अडलेलीं गांवें. या दोहोंची गांठ घालावी, असें त्यांनीं मनांत आणिलें. 1965 सालीं तासगांव तालुक्यांत विसापूरच्या परिसरांत हा प्रयोग सुरू झाला.

नंतर 1972 चा भयंकर दुष्काळ आला. त्याच वर्षीं मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या सरकारनें रोजगार हमी योजना हातीं घेतली होती. परंतु संकट एवढें मोठें कीं प्रथम दुष्काळी कामेंच उघडावीं लागलीं. मराठवाड्यांतील विहिरी आटल्या, गुरें कवडीमोलानें गेलीं. 1973 च्या उन्हाळ्यांत राज्यांत सुमारे 50 लक्ष माणसें या कामांवर होतीं. खडी फोडून, माती वाहून, मिलो व सुकडी खाऊन लोकांनीं जीव जगविला. लातूर तेव्हां उस्मानाबाद जिल्ह्यांत होतें. त्या भागांतील वृद्ध अद्याप ते दिवस सांगतात.

दुष्काळ सरला, पण पागे स्वस्थ बसले नाहींत. सरकारची मर्जी असेल तेव्हां मदत, नसेल तेव्हां नाहीं, अशानें गरिबांचें भागत नाहीं, हें त्यांनीं जाणलें होतें. पैशाची सोय म्हणून 1975 सालीं नोकरदार व व्यापारी यांजवर व्यवसाय कर बसला, आणि त्यांत सरकारनें तितकीच भर घालावी असें ठरलें. 1977 सालीं कायदा संमत होऊन 26 जानेवारी 1979 पासून तो अंमलांत आला. अंगमेहनतीस तयार असलेल्या प्रौढ ग्रामस्थानें काम मागितल्यास 15 दिवसांच्या आंत तें द्यावें, न दिल्यास रोज निदान 1 रुपया बेकारी भत्ता द्यावा, आणि स्त्री व पुरुष यांस मजुरीचा दर एकच असावा, असा तो नियम. काम देण्याची जबाबदारी जिल्हाधिकारी व तहशीलदार यांजवर होती. आपल्या देशांत असा अधिकार प्रथमच कायद्यानें दिला गेला.

योजनेंत दोष शिरले नाहींत असें नाहीं. कोठें हजेरीपटावर खोटीं नांवें चढलीं, कोठें मजुरी फार उशिरां मिळाली. तथापि ज्या घरांतील माणसें पूर्वीं सावकाराच्या किंवा मुकादमाच्या दारीं जात, त्यांस आपल्याच गांवाजवळ घामाचा दाम मिळूं लागला, हें लहान कार्य नव्हे.

पागे 1990 सालीं वारले. पुढें 2005 सालीं संसदेनें याच तत्त्वावर सर्व देशासाठीं कायदा केला, व 2006 सालीं महाराष्ट्रांतील ज्या 12 जिल्ह्यांत तो प्रथम लागू झाला त्यांत नांदेड होतें.

या चरित्रापासून आम्हीं एक गोष्ट अवश्य घ्यावी. कायदा कितीहि चांगला असला तरी अर्ज केल्यावांचून तो दारीं येत नाहीं. निरक्षर मजूर, विधवा व परित्यक्ता यांस कचेरीची पायरी चढण्याचें भय वाटतें. ज्यास लिहितां येतें त्यानें त्यांचा अर्ज लिहून द्यावा, पोंच मागून घ्यावी, व हजेरीपट वाचून दाखवावा. पागे यांनीं आपली विद्या दुर्बळांच्या कामीं लाविली. आम्हीं आपली थोडीशी विद्या त्याच कामीं कां लावूं नये?