जोडे शिवणारा भाषापंडित

मराठीच्या आरंभीच्या छापील व्याकरणांपैकी एक १८०५ साली निघाले, ते पुण्यात नव्हे, मुंबईतही नव्हे, तर दूर बंगालमध्ये, श्रीरामपूर येथे. त्याचे कर्ते विल्यम कॅरी हे इंग्रज गृहस्थ महाराष्ट्रात कधी आलेही नव्हते.

कॅरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडमधील पॉलर्सपरी या खेड्यात झाला. वडील आधी विणकर, पुढे गावच्या शाळेचे मास्तर. लहान वयातच विल्यमला जोडे शिवण्याचे काम शिकायला ठेवले. मालकाच्या घरी एका पुस्तकात त्याला ग्रीक शब्द दिसले. ते वाचता येईनात, म्हणून त्याने तसेच्या तसे उतरवून घेतले आणि गावातील एका शिकलेल्या विणकराकडे जाऊन त्यांचा अर्थ विचारला. अशा रीतीने हातात चामडे आणि शेजारी पुस्तक ठेवून ते लॅटिन, ग्रीक, हिब्रू, डच व फ्रेंच भाषा शिकले.

१७९३ साली ख्रिस्ती धर्मप्रचारासाठी ते बंगालमध्ये आले. रामराम बसू यांच्याजवळ बंगाली शिकले. उपजीविकेसाठी मदनावती येथे निळीच्या कारखान्याची व्यवस्था पाहू लागले. तेथेच १७९४ मध्ये त्यांचा लहान मुलगा पीटर वारला आणि पत्नीच्या मनाचा तोल ढळला. तरी अभ्यास सुटला नाही. पण पुढे एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. आपले बोलणे लिहित्यावाचत्या लोकांना नीट समजते, कष्टकऱ्यांना मात्र फारसे कळत नाही. पुस्तकातली बंगाली आणि शेतावरची बंगाली यांत मोठे अंतर होते.

हा धडा ते विसरले नाहीत. १८०१ मध्ये कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या तरुण अंमलदारांना ते बंगाली शिकवू लागले. त्याच वर्षी त्यांनी ‘कथोपकथन’ हे संवादांचे पुस्तक काढले. त्यात साहेब आणि चाकर, सावकार आणि कूळ, बाजारहाट करणाऱ्या बाया, मजूर, कोळी आपापल्या भाषेत बोलतात. बायकांचे कडाक्याचे भांडणही आहे! त्यातील बरेचसे संवाद त्यांनी बंगाली माणसांकडूनच लिहवून घेतले होते. परकी भाषा शिकायची तर ती कोण, कोणाशी, कोणत्या प्रसंगी बोलतो हे पाहावे लागते. आजचे भाषाशास्त्र ज्यावर भर देते, ती ही दृष्टी त्या पुस्तकात आहे.

मराठीत पंडित वैजनाथ त्यांचे साहाय्यक होते. व्याकरणामागोमाग १८१० मध्ये मराठी कोश आला. त्यात मराठी शब्द मोडी लिपीत छापले होते.

११ मार्च १८१२ रोजी श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली. अनेक भाषांच्या कोशाचे हस्तलिखित जळून गेले. कॅरी पुन्हा कामाला बसले. १८१८ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह श्रीरामपूर कॉलेज स्थापन केले. ९ जून १८३४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कामात उणिवा होत्या. इतक्या भाषांत एकाच वेळी भाषांतरे हाती घेतल्याने ती पुष्कळदा बोजड झाली. मराठी तर ते मराठी मुलखाबाहेर बसूनच शिकले होते. १८३१ साली मोल्सवर्थ यांचा कोश आला आणि कॅरींचा कोश मागे पडला.

तथापि घरात कोणी न बोललेली भाषा शिकताना ज्यांची जीभ अडखळते, त्या आपल्यासारख्या विद्यार्थ्यांनी हे चरित्र अवश्य वाचावे. न समजलेला शब्द कॅरींनी लपवला नाही. तो कागदावर उतरवून घेतला आणि जाणत्याच्या दारात जाऊन विचारला.