अक्षरदाता सिरिल

पूर्व रोमन साम्राज्यातील थेस्सलोनिकी नगरात सुमारे ८२७ साली कॉन्स्टंटाइनचा जन्म झाला. पुढे तो सिरिल या नावाने प्रसिद्धी पावला. नगराच्या आसपास स्लाव्ह लोकांची वस्ती होती. त्यांची बोली त्याला व त्याचा थोरला बंधू मेथोडियस याला चांगली अवगत होती. रशियन, पोलिश, चेक या आजच्या भाषा तिच्याच कुळातील होत. संस्कृतशीही तिचे दूरचे नाते आहे. 'भ्राता' याला तिच्यात 'ब्रात' म्हणत. परंतु तिला स्वतःची लिपी नव्हती.

मोराव्हियाचा राजा रास्तिस्लाव याने, प्रजेला तिच्याच भाषेत धर्म शिकविणारे गुरू पाठवावेत, अशी सम्राटास विनंती केली. ८६३ साली हे बंधू तिकडे गेले. सिरिलने त्या भाषेचे ध्वनी पारखून नवी अक्षरे घडविली व धर्मग्रंथांचे भाषांतर आरंभिले. हिब्रू, ग्रीक व लॅटिन या तीनच भाषा पवित्र, असे मानणाऱ्या धर्मगुरूंनी त्याला विरोध केला. व्हेनिस येथे त्याने त्यांच्याशी निर्भयपणे वाद केला. अखेर रोममध्ये पोपने त्याच्या ग्रंथांना मान्यता दिली. तेथेच १४ फेब्रुवारी ८६९ रोजी त्याचे देहावसान झाले.

मेथोडियसने कारावास सोसूनही हे कार्य चालविले. ८८५ साली तो निवर्तल्यावर त्यांच्या शिष्यांना हद्दपार करण्यात आले. परंतु बल्गेरियाने त्यांना आश्रय दिला. तेथे तयार झालेल्या नव्या लिपीला सिरिलचे नाव मिळाले. रशियन व बल्गेरियन भाषा आजही त्या लिपीत लिहिल्या जातात. पंडितांनी हीन लेखलेल्या बोलीला ग्रंथांचे वैभव लाभले, ते एका पंडिताच्याच निष्ठेमुळे.